लोय-सामची महादेवी

हॉमसेंगला एका जागी बसवत नाही, हे केंगयावच्या राजवाड्याला लग्नाच्या दिवशीच कळलं. भिक्खूंचं सूत्रपठण लांबलं होतं. साओफा खुनलेंग, म्हणजे केंगयावचे राजे, डोळे मिटून शांत बसले होते आणि त्यांच्या शेजारी जरीत गुंडाळलेली नवरी एकदा या मांडीवर, एकदा त्या मांडीवर भार टाकत होती. मनगटाला बांधलेला शुभकार्याचा पांढरा दोरा तिने पिळून पिळून नकळत तोडला. साओफांच्या आई समोरच बसल्या होत्या. त्यांना सगळे साओ-मे म्हणत, राजमाता. त्यांनी तो तुटलेला दोरा पाहिला, विडा गालात सरकवला आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "डोंगरातलं खेचर आणलंय गं. दावं जाड लागणार."

हॉमसेंगने ते ऐकलं. तिला ऐकू जावं म्हणूनच ते बोललं गेलं होतं.

ती लोय-मोनची. तिचे वडील तिथले हेंग, डोंगरी परगण्याचे सरदार. घराणं जुनं, दाराशी चांदीची मूठ असलेली तलवार, पण राजघराणं नव्हे. तिला सांभाळणारी दाई पलाऊंग या डोंगरी जमातीची होती, त्यामुळे हॉमसेंग आधी पलाऊंग बोलली आणि मग आपली शान बोली. आई लवकर गेली. वडील गावोगाव तंटे सोडवायला जात तेव्हा लेकीला घोड्यावर पुढ्यात बसवून नेत. पुढे तिला स्वतःचा घोडा मिळाला. चहाच्या मळ्यांतून, धुक्यातून, नदीच्या दगडांवरून ती मोठी झाली. मग केंगयावहून मागणी आली. साओफांना महादेवी हवी होती, आणि महादेवी, पट्टराणी, आईबापाच्या दोन्ही अंगांनी कुलीन असावी लागते. वडिलांना आनंदाने शब्द फुटेना.

"पण तिथं मी करायचं काय?" तिने विचारलं होतं.

"करायचं काय असतं त्यात?" वडील हसले होते. "महादेवी करत नाहीत काही. महादेवी असतात."

ते खरं निघालं. सकाळी दासी तिला न्हाऊ-माखू घालत, पूर्वेच्या दिवाणखान्यात नेऊन बसवत. सरदारांच्या बायका येत, वाकत, लेकीसुनांसाठी आशीर्वाद मागत, जात. मग जेवण. मग दुपार, आणि ती दुपार काही केल्या सरत नसे. वाड्याच्या भिंतीबाहेर पाऊल टाकायचं तर सोनेरी छत्री, छत्री धरणारे, पुढे ढोल, मागे दासी. हौसेने चार पावलं टाकावीत तर गाव रस्त्यात लोटांगण घालायचं. मग ती सागवानी सज्ज्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायची. पायाला नुसती भिंगरी. खाली आपल्या दालनात साओ-मेंना डोक्यावर फळ्यांची कुरकुर ऐकू येई आणि त्या दासीकरवी निरोप धाडत, "सूनबाईंना म्हणावं, सागवान महाग आहे."

साओफा वाईट माणूस नव्हता. सकाळी चहाला यायचा, "झोप लागली ना?" म्हणून विचारायचा, उत्तर ऐकून घ्यायचा आणि आपल्या मोटारीकडे जायचा. सगळ्या केंगयावात ती एकच मोटार. लोय-सामच्या डोंगरावर त्याने उन्हाळ्यासाठी बंगला बांधायला काढला होता आणि तिथवर मोटार जावी म्हणून रस्ता खोदला जात होता. रस्त्याविषयी बोलताना त्याचा चेहरा उजळायचा. रात्रीचं जेवण मात्र तो कधीच वाड्यात घेत नसे. वाड्यामागे, बांबूच्या कुंपणापलीकडे एक लहानसं घर होतं. तिथे नांग वान राहायची. बाजारात शेवया विकणाऱ्या बाईची मुलगी. तिची साओफापासून झालेली दोन मुलं होती. हे साऱ्या केंगयावला ठाऊक होतं. नवरीला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. शेवटी पेंग नावाच्या दासीने सांगितलं, तेही हॉमसेंगने दंडाला धरून विचारलं तेव्हा.

तो राग हॉमसेंगने वर्षभर उराशी धरला. रिकाम्या दिवसांत तोच काय तो सोबतीला.

*

दुसऱ्या वर्षी, पिकं कापून झाल्यावर, एका बाजाराच्या दिवशी तिला अगदीच राहवेना. आमच्याकडे बाजार दर पाचव्या दिवशी भरतो आणि त्या दिवशी डोंगरातली सगळी माणसं खाली उतरतात. सज्ज्यातून तिला घंटा बांधलेली खेचरं येताना दिसली आणि तिने पेंगला हाक मारली. "तुझी जुनी लुंगी काढ. आणि ती बांबूची टोपी."

"महादेवी, साओ-मे मला उभी चिरतील!"

"आधी मला चिरतील. तोवर तू पळ."

दोघी स्वयंपाकघरामागच्या दारातून बाहेर पडल्या. कोणी लोटांगण घातलं नाही. एका बैलाने तिला ढकललं, एका म्हातारीने "डोळे फुटले का गं?" म्हणून शिवी हासडली, आणि हॉमसेंगला किती दिवसांनी हसू आलं. तिने सोयाबीनची भाजलेली चकती घेतली, चघळत चघळत बाजार पालथा घातला आणि शेवटी शेवयांच्या एका गाड्यासमोर बाकड्यावर बसली. गाड्यावरची बाई जाडजूड होती, हात विजेसारखे चालत होते आणि त्याहून जलद तोंड. पेंगचा चेहरा पांढरा पडला होता. ती हॉमसेंगची बाही ओढत होती, पण वाडगा समोर आला होता.

"डोंगरातली दिसतेस," बाई म्हणाली. "बोलण्यावरून कळतं. कुठली?"

"लोय-मोनकडची."

"अगो बाई! म्हणजे आमच्या राणीसाहेबांच्या मुलखातली." बाईने रश्शाची पळी वाडग्यात उपडी केली. "तुमच्याकडे सगळ्याच अशा असतात का गं? म्हणे दिवसभर येरझाऱ्या घालते. पिंजऱ्यातल्या वाघिणीसारखी."

"वाघीण पिंजऱ्यात असली तर काय करेल?"

"अगं, पिंजरा तिचा आहे ना! सोन्याचा आहे. माझ्या लेकीला विचार." बाईने आवाज खाली आणला, म्हणजे शेजारच्या तीनच गाड्यांना ऐकू जाईल इतका. "माझी वान सात वर्षं त्या वाड्यात होती. पुढच्या दालनात. दोन्ही बाळंतपणं तिथंच. ही कानामागून आली आणि तिखट झाली. हिच्या वरातीआधी तीन दिवस पोरीचं बोचकं बांधून तिला मागच्या झोपडीत टाकली. का? तर नव्या राणीच्या डोळ्यांना खुपू नये. आता पोरं बापाला भेटायला कुंपणातून वाकून जातात. खा ना, निवतंय."

हॉमसेंगने वाडगा हातात धरला होता. तिने तो खाली ठेवला.

"ते राणीने सांगितलं होतं का? टाका म्हणून?" तिने विचारलं.

"राण्यांना सांगावं लागत नाही," बाई म्हणाली. "त्या असतात, तेवढंच पुरतं."

परत येताना पेंग रडायच्या बेतात होती. "ती पा-नोय होती. नांग वानची आई. मी तुम्हाला ओढत होते!"

हॉमसेंगचं लक्ष नव्हतं. आपल्यावर अन्याय झाला म्हणून वर्षभर ती कुढत होती, आणि तिकडे तिच्या नावावर दुसऱ्याच बाईला घराबाहेर काढलेलं होतं. रागाला आता कुठे टेकायला जागाच उरली नाही. त्या दिवशी ती सज्ज्यात फिरली नाही. खिडकीशी उभी राहून कुंपणाकडे पाहत राहिली, बसली, पुन्हा उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी साओफा मोटारीकडे गेला तशी ती कुंपण वाकवून पलीकडे गेली.

नांग वान अंगणात मोहरीचा पाला वाळत घालत होती. तिने पाहिलं आणि गुडघ्यांवर बसली, पण मान खाली घातली नाही.

"महादेवी. निरोप धाडला असता तर मीच आले असते. पुढच्या जिन्याने यायची मला मनाई आहे, पण मोरीकडून येते."

"मला ठाऊक नव्हतं," हॉमसेंग म्हणाली. "तुला इथे आणून टाकलंय ते. आईशपथ ठाऊक नव्हतं."

"मग आता कळलं. काय करणार?" नांग वान हात झटकत उठली. "नवरा हवाय? घेऊन जा. मी काय त्याला खुंटीला बांधलेला नाही."

"नवरा नकोय."

"मग काय हवंय?"

हॉमसेंगने अंगणभर नजर फिरवली. पाल्याचा ढीग अजून अर्धा पडला होता. ती खाली बसली आणि पाला उलगडून दोरीवर टाकू लागली. नांग वान बघत राहिली. मग म्हणाली, "देठ वर करून टाकतात. लोय-मोनला पाला वाळवत नाहीत वाटतं."

त्यानंतर हॉमसेंग वरचेवर तिकडे जाऊ लागली. मैत्री म्हणावी असं काही लगेच झालं नाही. नांग वानच्या जिभेला धार होती आणि ती परजायची संधी ती सोडत नसे. पण मुलं हॉमसेंगला चिकटली. आणि एकदा घाईत, पातेलं उतू जाताना, नांग वान "महादेवी"च्या जागी "अगं पी, धर!" असं ओरडली. पी म्हणजे थोरली बहीण. दोघींनीही ते ऐकलं न ऐकलंसं केलं, पण पुढे तेच चालू राहिलं.

*

त्या वर्षी नव्या वर्षाच्या पाणी उडवायच्या सणाआधी दरबार भरला. महादेवीने दरबारात बोलायचं नसतं. ती जाळीच्या पडद्यामागे बसते, मुजरा घेते, झालं. हॉमसेंग जडशीळ मुकुटाखाली मान सांभाळत बसली होती. साओ-मे तिच्या शेजारी होत्या. परगण्यांमागून परगणे येत गेले आणि शेवटी लोय-सामचे पलाऊंग म्हातारे आत आले. काळ्या अंगरख्यातले तिघे. त्यांच्यासोबत त्यांचा हेंग होता, साई-नान नावाचा, गुळगुळीत चेहऱ्याचा. पलाऊंग बोली दरबारात कोणाला येत नसे, म्हणून दुभाष्याचं कामही तोच करी.

म्हाताऱ्यांतला सर्वांत थकलेला पुढे सरकला. ता-रेंग त्याचं नाव. तो पलाऊंगमध्ये म्हणाला, "राजा, आम्ही तुझ्या दाराबाहेर चिंचेखाली दिवसचे दिवस बसलोय. चहाची पहिली पत्ती खुडायची वेळ आहे आणि घरटी एक माणूस तुझ्या रस्त्यावर दगड फोडतोय. जो येत नाही त्याला बांधून नेतात. पत्ती झाडावर जून होतेय. ती गेली की वर्ष गेलं."

साई-नान हात जोडून वाकला. "महाराज, हे म्हणतात, आमच्या डोंगरात रस्ता येतोय म्हणून आम्ही धन्य झालो. आमचे तरुण आनंदाने कामाला येतात."

साओफाचा चेहरा उजळला. "त्यांना सांग, आम्ही प्रसन्न आहोत."

साई-नान म्हाताऱ्यांकडे वळून पलाऊंगमध्ये म्हणाला, "राजा म्हणतो, आणखी तक्रार केलीत तर घरटी दोन माणसं."

म्हाताऱ्यांच्या माना खाली गेल्या. दोन्हीकडचं बोलणं आपल्या एकटीलाच कळलं, हे पडद्यामागे हॉमसेंगच्या ध्यानात आलं. साओ-मेंनी न बघताच तिच्या मांडीवर हात दाबला. "बैस."

ती उठली. मुकुट जाळीत अडकला. तिने तो तिथेच सोडला आणि बाहेर आली. सगळा दरबार कपाळ जमिनीला टेकवून पडला, कारण दुसरं काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"बाबा, पुन्हा बोला," ती ता-रेंगला पलाऊंगमध्ये म्हणाली. "मी सांगते त्यांना."

म्हाताऱ्याने तिच्याकडे डोळे किलकिले करून पाहिलं. मग पुन्हा सगळं सांगितलं, आणि आता त्याला चेव आला होता. हॉमसेंग वाक्यामागून वाक्य शानमध्ये सांगत गेली. थोरले कारभारी सरकत सरकत जवळ आले आणि कुजबुजले, "महादेवी, जरा मऊ करून..." तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"तो म्हणतो," ती म्हणाली, "राजाची मोटार चहा पिते का? पीत असेल तर तिला येऊन खुडू दे."

थोरल्या कारभाऱ्यांनी कपाळ पुन्हा जमिनीला टेकवलं. साओफा लालबुंद झाला होता. तो साई-नानकडे वळला. "आणि तू त्यांना आत्ता काय सांगितलंस? मी प्रसन्न आहे म्हणून?"

साई-नान म्हाताऱ्यांकडे पाहू लागला. हॉमसेंगनेच सांगितलं.

त्याच दुपारी रस्त्याचं काम थांबलं आणि पलाऊंग माणसं पत्ती खुडायला घरी गेली. साई-नानची हेंगकी गेली. पण संध्याकाळी साओफा हॉमसेंगच्या दालनात आला तो प्रसन्न होऊन नव्हे.

"मोटारीचं वाक्य गाळलं असतं तर चाललं असतं," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर हसं झालं माझं."

"कोणी हसलं नाही."

"तेच तर! हसले असते तर बरं झालं असतं." तो दारापर्यंत गेला आणि परत फिरला. "मला खरंच ठाऊक नव्हतं गं. चहाचे दिवस आहेत ते."

"मला वाटलंच ते," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटलं त्यापेक्षा मऊ निघाला.

साओ-मेंनी मात्र काही ऐकून घेतलं नाही. वर्षावास संपेपर्यंत महादेवी आपल्या दालनाबाहेर पडणार नाही, असा त्यांचा हुकूम झाला. सज्जाही बंद. पावसाचे महिने, ओलं लाकूड, चारी बाजूंना भिंती. हॉमसेंगला जेवण जाईना. मुलखात काहीतरी घडत होतं, कुठे बांध फुटत होते, कुठे भांडणं पेटत होती, आणि ती इथे बसून आपल्याच नाडीचे ठोके ऐकत होती. रात्री उशाला डोकं टेकलं की पाय आपोआप हलत. पेंग म्हणे, "झोपेतसुद्धा चालता तुम्ही."

एक दिवस भर दुपारी जिन्यावर गडबड उडाली. नांग वान शेवयांचा वाडगा हातात घेऊन पुढच्या जिन्याने वर येत होती आणि पहारेकरी तिला हात लावावा की नाही या घोळात मागे मागे सरत होते.

"लावा ना हात," ती म्हणत होती, "मग साओफांना सांगते कोणता हात होता ते."

ती आत आली, वाडगा ठेवला आणि हॉमसेंगकडे पाहून कपाळावर हात मारला. "काय दशा करून घेतलीयस, पी! खा आधी."

"लोय-सामला नवा हेंग नेमला का?" हॉमसेंगने विचारलं.

"खा म्हणते तर हिचं काय! नाही नेमला. कोण जाणार तिकडे? भाषा येत नाही, थंडी, जळवा. सरदार एकमेकांकडे बोट दाखवतायत."

नांग वानने हॉमसेंगच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूहळू तिचे डोळे मोठे झाले. "नाही हं. वेडबिड लागलं का?"

"माझे वडील हेंग आहेत. मला ते काम येतं. एवढंच काम मला येतं."

नांग वानने वाडगा तिच्या आणखी जवळ सरकवला. मग म्हणाली, "तू गेलीस तर पुढचं दालन रिकामं होईल. माझा स्वार्थ आहे यात. लपवत नाही." आणि थोड्या वेळाने, "सकाळी चहाला विचारू नकोस. तेव्हा त्यांना आईची भीती ताजी असते. मोटार धुताना विचार. मी पाठवीन तुला निरोप."

साओफाने मोटार पुसता पुसता ते ऐकलं आणि आधी हसला. मग फडकं खाली ठेवलं. "लोक म्हणतील राजाने राणीला हाकललं."

"लोक आत्ता काय म्हणतात?"

त्याने फडकं पुन्हा उचललं. "आईला तूच विचार," तो शेवटी म्हणाला. "मला जमणार नाही."

साओ-मे विडा कुटत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही न बोलता. हॉमसेंग गुडघ्यांवर वाट पाहत होती. मांड्या भरून आल्या, तरी ती हलली नाही.

"महादेवी हेंग होत नाही," साओ-मे म्हणाल्या. "आमच्या घरात नाही झालेलं."

"हो."

"पण तीन वर्षं होत आली आणि तुझी कूस उजवली नाही. इथे तू रोज लोकांच्या नजरेत आहेस. आशीर्वाद मागायला येतात त्या बायका बाहेर जाऊन काय बोलतात, मला ठाऊक आहे. डोंगरात तू दिसणार नाहीस." त्यांनी खलबत्ता बाजूला ठेवला. "वर्षातल्या मुजऱ्याच्या दोन्ही दिवशी खाली यायचं. मुकुट घालायचा. तोंड उघडायचं नाही. जा."

ते हॉमसेंगला लागलं. पण ती इतक्या झपाट्याने उठली की साओ-मेंना सुद्धा, म्हणतात, हसू दाबावं लागलं.

*

लोय-सामला कोणी तिची आरती ओवाळली नाही. ता-रेंगने तिला गळका हेंगवाडा दाखवला आणि म्हणाला, "राणी, पहिल्या थंडीपर्यंत टिकलीस तर छप्पर शाकारून देऊ. आधी कशाला गवत वाया घालवा?"

"आणि टिकले नाही तर?"

"तर साई-नानपेक्षा कमी त्रास दिलास म्हणू."

ती टिकली. पहिला तंटा दोन गावांतल्या पाण्याचा होता आणि तिने तो चुकीचा सोडवला. पुन्हा डोंगर चढून गेली, गावासमोर चूक कबूल केली आणि परत सोडवला. तेव्हा छप्पर शाकारलं गेलं. रस्ता तिने पुन्हा सुरू करवला, पत्तीचे दिवस वगळून, आणि बंगल्याऐवजी बाजाराकडे वळवून. साओफाने बंगल्याचा नाद केव्हाच सोडला होता. वर्षातून दोनदा ती खाली उतरायची, मुकुट चढवायची, मुजरा घ्यायची. नांग वान पुढच्या दालनात राहायला गेली होती आणि दर खेपेला भांडायची, "एक दिवस तरी राहा, पी. काय जळतंय तिकडे?" काही जळत नसायचं. तरी ती निघायची. वर पोचल्यावर मात्र पहिले काही दिवस तिला नांग वानची बडबड कानात ऐकू येई. आपल्याला नेमकं कुठे असायला हवं होतं, याचं उत्तर तिला डोंगरातही मिळालं नाही. तिथे ते विचारायला वेळ कमी मिळे, एवढंच.

मग जपानी आले ते वर्ष. केंगयावच्या बाजारावर भर दिवसा बॉम्ब पडले. पा-नोय तिच्या गाड्यापाशीच जिवानिशी गेली. वाड्याचा पूर्वेचा दिवाणखाना जळाला. साओफा गाव सोडायला तयार नव्हता. त्याने बायकामुलांना वर धाडलं. पावसात, चिखलात, रांगेने माणसं लोय-सामला आली. नांग वान आईसाठी रडून रडून आवाज बसलेली, दोन वाढलेली मुलं, पेंग, आणि चार पलाऊंग गड्यांच्या खांद्यावर, खुर्चीत बांधलेल्या साओ-मे.

"घर कुठाय?" साओ-मेंनी विचारलं.

"हेच," हॉमसेंग म्हणाली.

साओ-मेंनी बांबूच्या भिंतींकडे पाहिलं. "बरं आहे," त्या म्हणाल्या. "कुरकुरायला सागवान नाही."

त्या महिन्यांत हॉमसेंगच्या पायांना विसावा नव्हता. खालून आलेली माणसं दरीदरीतून पसरली होती. त्यांना भात पोचवायचा, गुहा शोधायच्या, धूर दिवसा दिसणार नाही हे बघायचं. नांग वानने स्वयंपाक ताब्यात घेतला आणि पन्नास माणसांना जेवायला घालता घालता तिचा आवाज परत आला. साओ-मे मात्र ओसरीवर नुसत्या बसून असत. त्यांचं अंग दिवसेंदिवस सुकत चाललं. हॉमसेंग परतली की त्या हात पुढे करायच्या. "ये. बैस जरा."

ती बसायची. हात हातात घ्यायची. आणि मग कोणीतरी हाक मारी, किंवा कोणी मारलेलीही नसे, आणि ती उठायची.

"कुठे?"

"आलेच मी, साओ-मे."

"हो, हो," म्हातारी म्हणायची. "तू येतेसच."

पावसाच्या अखेरीस पलीकडच्या दरीत ताप पसरला. हॉमसेंग औषधाच्या मुळ्या घेऊन निघाली तेव्हा साओ-मेंनी तिच्या बाहीचं टोक धरून ठेवलं होतं. ते सैल धरलेलं होतं; सोडवायला जोर लागला नाही. ती परत आली तेव्हा ओसरीवर पांढरं कापड अंथरलेलं होतं आणि भिक्खू येऊन बसले होते.

निरोप मिळाल्यावर साओफा रात्रंदिवस चालत वर आला. दाढी वाढलेली, पायांत साधे जोडे. आईला अग्नी दिल्यावर तो ओसरीवर दोघींच्या मध्ये बसला.

"शेवटी काही बोलली का ती?" त्याने विचारलं.

नांग वानने हॉमसेंगकडे पाहिलं. खोटं तिला कधीच जमलं नव्हतं. "पीला विचारत होत्या. सकाळपासून. मी म्हटलं येईलच ती. तर म्हणाल्या, तिला सांग, घाई करू नको, घसरडं आहे."

साओफाने हॉमसेंगच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि कसा ठेवायचा हे ठाऊक नसल्यासारखा.

"लढाई संपली की खाली चल," तो म्हणाला. "दिवाणखाना पुन्हा बांधू. तुला हवा तसा. दरबारात पडदा लावणार नाही."

"बघू," ती म्हणाली.

लढाई संपली. दिवाणखाना बांधला गेला, पडदा लागला नाही, आणि हॉमसेंग एक पावसाळा तिथे राहूनही आली. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी ओसरीवर तिला एवढंच कळत होतं की आज तरी बसायला हवं. साओफा बसला होता, नांग वान बसली होती, खाली राखेतून अजून धूर निघत होता. तिने गुडघे पोटाशी घेतले आणि हातांनी घट्ट धरले. पलीकडच्या दरीतून माणसं वर येताना दिसू लागली. कोणीतरी आजारी माणूस पाठीवर घेतला होता. ता-रेंगचा मुलगा अंगणात येऊन थांबला. त्याने हाक मारली नाही. नुसता उभा राहिला.

नांग वान म्हणाली, "जा गं. मी आहे इथं."

हॉमसेंग आणखी थोडा वेळ बसून राहिली. मग उठली.